कागद द्यावेत, किल्ली देऊ नये

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा तो ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील लोकांना अर्पण केला. त्यानंतर ७३ वर्षांनी, १९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना एक पत्र लिहिले. ‘नॅशनल निग्रो काँग्रेस’ या संघटनेने कृष्णवर्णीयांचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडले होते. भारतातील अस्पृश्यांनीही त्याच मार्गाने जावे असा विचार चालू असल्याचे कळवून बाबासाहेबांनी त्या निवेदनाच्या प्रती मागविल्या. डू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर दिले. बाबासाहेबांचे नाव आपण ऐकून आहोत आणि अस्पृश्यांच्या लढ्याविषयी आपल्याला सहानुभूती आहे, असा त्या उत्तराचा आशय होता.

या पत्रव्यवहाराचा उल्लेख आपल्या सभासंमेलनांतून आणि लेखांतून वारंवार होतो. दोन खंडांतील दोन पीडित समाजांनी एकमेकांना ओळखल्याचा तो पुरावा आहे, आणि त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु हा पुरावा आपल्यापर्यंत पोहोचला कसा, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. ते पत्र आज अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील ग्रंथालयात, डू बॉइस यांच्या कागदपत्रांच्या संग्रहात आहे. आलेले पत्र डू बॉइस यांनी जपले आणि पाठविलेल्या उत्तराची प्रतही ठेवली, म्हणून संवादाच्या दोन्ही बाजू आज आपल्यासमोर आहेत. कोणी तरी ते कागद सांभाळले, लावले, त्यांची सूची केली आणि जगासाठी खुले केले. यांपैकी एक जरी दुवा निखळला असता, तरी हा प्रसंग इतिहासातून नाहीसा झाला असता.

जगभर विखुरलेल्या आफ्रिकी वंशजांनी आपला इतिहास विद्यापीठांच्या अभिलेखागारांत कसा नेला, तेथे तो कसा जपला आणि लोकांपुढे कसा मांडला, हा आपण बारकाईने अभ्यासावा असा विषय आहे. त्या अभ्यासातून माझे एक मत बनले आहे. पीडित समाजाचे कागद विद्यापीठात गेले पाहिजेत, कारण घरातील पेटी त्यांना फार काळ वाचवू शकत नाही. मात्र त्या कागदांना नाव कोणी द्यायचे, ते कोणाला दाखवायचे आणि भिंतीवर कसे मांडायचे, या तीन गोष्टींचा अधिकार त्या समाजाने सोडता कामा नये. कागद द्यावेत, किल्ली देऊ नये.

एका संग्रहाचा प्रवास

डू बॉइस यांचा जन्म १८६८ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन येथे झाला. समाजशास्त्रज्ञ, इतिहासकार, संपादक आणि चळवळीचे नेते म्हणून त्यांचे कार्य सहा दशकांहून अधिक काळ चालले. परंतु उतारवयात त्यांच्या वाट्याला सन्मानाऐवजी संशय आला. १९५१ मध्ये, वयाच्या ८३व्या वर्षी, परकीय सत्तेचा हस्तक असल्याच्या आरोपावरून त्यांच्यावर खटला भरण्यात आला. न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, तरी १९५८ पर्यंत सरकारने त्यांना पारपत्र दिले नाही. १९६१ मध्ये ते घानाला गेले आणि २७ ऑगस्ट १९६३ रोजी आक्रा येथे त्यांचे निधन झाले.

देश सोडताना त्यांनी आपले दप्तर इतिहासकार हर्बर्ट अ‍ॅप्थेकर यांच्या स्वाधीन केले होते. साम्यवादाच्या नावाने भीतीचे वातावरण असण्याचा तो काळ होता. डू बॉइस यांचे नाव उच्चारणेही अनेकांना धोक्याचे वाटे. त्या काळात अ‍ॅप्थेकर यांनी हा ठेवा सांभाळला. अखेर १९७३ मध्ये, ‘गुलामगिरी’च्या प्रकाशनाला शंभर वर्षे झाली त्याच वर्षी, डू बॉइस यांच्या पत्नी, लेखिका शर्ली ग्रॅहम डू बॉइस यांच्याकडून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने हा संग्रह विकत घेतला. १९९४ मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयालाच डू बॉइस यांचे नाव देण्यात आले. आज सुमारे एक लाख कागदांचा हा संग्रह संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येतो. पुण्यातील वा नागपुरातील विद्यार्थी बाबासाहेबांचे ते पत्र घरबसल्या वाचू शकतो.

म्हणजे एका माणसाचे कागद टिकण्यासाठी किती जणांचे साहाय्य लागले, ते पाहावे. स्वतः लेखकाची शिस्त, मित्राची निष्ठा, पत्नीचा निर्णय, सार्वजनिक विद्यापीठाचा पैसा आणि ग्रंथपालांचे श्रम, हे सारे एकत्र आले. कागद आपोआप टिकत नाहीत. जे टिकते ते कोणी तरी टिकवलेले असते, आणि जे नष्ट होते तेही पुष्कळदा कोणाला तरी नको असते म्हणून नष्ट होते.

ज्यांच्या नावाची नोंदच नव्हती

आफ्रिकी वंशजांना अभिलेखागाराचे एवढे महत्त्व का वाटले, हे समजण्यासाठी त्यांच्या इतिहासाची अवस्था ध्यानात घ्यावी लागेल. दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामांना लिहावाचावयास शिकविणे हा कायद्याने गुन्हा होता. ज्याला लिहू दिले नाही, त्याने स्वतःविषयी लिहिलेले कागद सापडणार कोठून? त्याच्याविषयी लिहिलेले कागद मात्र विपुल होते. विक्रीच्या पावत्या, मळ्यांच्या हिशेबवह्या, जहाजांच्या याद्या आणि पळून गेलेल्यांना पकडून देण्याच्या जाहिराती यांतून तो दिसतो, पण मालमत्ता म्हणून. १८५० आणि १८६० च्या अमेरिकी जनगणनांत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव असे. त्याखाली गुलामांचे वय, लिंग आणि वर्ण लिहिलेला असे, पण बहुतेक ठिकाणी नाव नसे. या लोकांची नावानिशी मोजदाद १८७० च्या जनगणनेत झाली.

तरीही अत्याचार करणाऱ्याने आपल्या सोयीसाठी ठेवलेला कागद एक दिवस त्याच्याच विरुद्ध साक्ष देतो. वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउन विद्यापीठाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८३८ मध्ये मेरीलँडमधील जेसुइट धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम लुइझियानातील मळेवाल्यांना विकण्याचा व्यवहार केला. त्या पैशातून विद्यापीठाचे कर्ज फेडण्यात आले. विकलेल्या माणसांची यादी, करारपत्रे आणि पत्रव्यवहार त्या धर्मसंघाच्या दप्तरात राहिला आणि ते दप्तर विद्यापीठाच्याच ग्रंथालयात ठेवलेले होते. कागद डोळ्यांसमोर असूनही दीड शतकाहून अधिक काळ विद्यापीठाच्या अधिकृत आत्मचरित्रात त्या माणसांना स्थान नव्हते. २०१५ नंतर विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारले, वंशावळींचा शोध सुरू झाला आणि लुइझियानातील कुटुंबांना त्या यादीत आपले पूर्वज सापडू लागले. २०१७ मध्ये विद्यापीठाने वंशजांसमोर क्षमायाचना केली. ज्या इमारतीला विक्री करणाऱ्या धर्मगुरूचे नाव होते, तिला यादीतील पहिल्या माणसाचे, आयझॅक हॉकिन्स यांचे, नाव देण्यात आले.

या घटनेतून दोन बोध मिळतात. कागद जपलेला असणे ही न्यायाची पहिली अट आहे, कारण यादीच नसती तर वंशजांना काहीच सापडले नसते. पण कागद जपलेला असणे पुरेसे नाही. प्रश्न घेऊन त्या कपाटापर्यंत जाणारा माणूस लागतो. पहिले काम संस्था करू शकते. दुसरे काम समाजाला आणि त्याच्या शिकलेल्या मुलांनाच करावे लागते.

एका नोकरदाराचा ग्रंथसंग्रह

‘तुमच्या समाजाला इतिहास नाही’, हे वाक्य जगातील प्रत्येक पीडित समाजाने ऐकलेले आहे. आर्तुरो शॉम्बर्ग यांचा जन्म १८७४ साली पोर्तो रिको बेटावर झाला. लहानपणी एका शिक्षिकेने त्यांना हेच सांगितले होते, अशी हकिकत त्यांच्या चरित्रात सांगितली जाते. १८९१ मध्ये ते न्यूयॉर्कला आले आणि पुढे एका बँकेच्या टपाल विभागात नोकरी करीत राहिले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पण पगारातून आणि परदेशांतील स्नेह्यांच्या साहाय्याने त्यांनी आफ्रिकी वंशजांची पुस्तके, हस्तलिखिते, चित्रे आणि पत्रके जमविली. त्यांचा शोध केवळ अमेरिकेपुरता नव्हता. कॅरिबियन बेटे, दक्षिण अमेरिका, स्पेन, जेथे जेथे हा समाज पांगला, तेथील खुणा त्यांनी गोळा केल्या.

१९२६ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशनने १०,००० डॉलर देऊन हा संग्रह न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयासाठी घेतला. शॉम्बर्ग यांनी त्यानंतर स्पेनचा प्रवास केला आणि तेथेही आफ्रिकी वंशाच्या चित्रकारांचा व विद्वानांचा शोध घेतला. पुढे नॅशव्हिल येथील फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाने त्यांना बोलावले. १९३१-३२ मध्ये त्यांनी तेथील ग्रंथालयाचा आफ्रिकी-अमेरिकी संग्रह उभा केला. नंतर न्यूयॉर्कला परतून १९३८ मध्ये निधन होईपर्यंत ते आपल्याच संग्रहाचे अभिरक्षक राहिले. संग्रह संस्थेचा झाला, पण संग्राहकाचा हात त्यावरून निघाला नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्यांच्या नावाने आज हार्लेममध्ये उभ्या असलेल्या केंद्राने २०१३ मध्ये भारतातील आफ्रिकी वंशजांवर प्रदर्शन भरविले. गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झालेला मलिक अंबर आपल्या पाठ्यपुस्तकांत असतो. पण तो आफ्रिकेतून पांगलेल्या एका मोठ्या समाजाचा घटक होता, हे त्या प्रदर्शनात मांडले गेले.

वर्गांकातील अन्याय

या साऱ्या इतिहासात मला सर्वाधिक शिकविणारे चरित्र वाटते ते डॉरोथी पोर्टर यांचे. गृहयुद्धानंतर १८६७ मध्ये वॉशिंग्टन येथे हॉवर्ड विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आणि विश्वस्त जेसी मूरलँड यांनी १९१४ मध्ये आपला सुमारे ३,००० ग्रंथांचा संग्रह विद्यापीठाला दिला. १९३० मध्ये तरुण पोर्टर यांच्याकडे तो सोपविण्यात आला. १९३२ मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळविली. तेथून ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी स्त्री होत. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब ज्या विद्यापीठात शिकले, तेच हे विद्यापीठ.

पोर्टर यांच्यापुढे पहिली अडचण पैशाची होती. ग्रंथखरेदीसाठी त्यांच्याकडे जवळजवळ काहीच नव्हते. त्यांनी प्रकाशकांना पत्रे लिहिली, जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांशी स्नेह जोडला आणि देणगी म्हणून ग्रंथ मागितले. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. ग्रंथालयांत ड्यूई यांची दशांश वर्गीकरण पद्धती रूढ होती. तिच्या वापरात कृष्णवर्णीयांविषयीचे किंवा कृष्णवर्णीयांनी लिहिलेले पुस्तक आले की ते दोनच ठिकाणी जाई: ३२५, म्हणजे वसाहत व स्थलांतर, किंवा ३२६, म्हणजे गुलामगिरी. जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्यासारख्या कवीचा काव्यसंग्रहसुद्धा काव्याच्या कपाटात न जाता ३२५ मध्ये जाऊन बसे. कवी कवी ठरत नसे आणि शास्त्रज्ञ शास्त्रज्ञ ठरत नसे. तो आधी एक ‘समस्या’ ठरे.

पोर्टर यांनी ही पद्धत मोडली. ग्रंथकाराच्या नावाने आणि विषयाने त्यांनी ग्रंथ लावले. इतिहास इतिहासात, संगीत संगीतात, वैद्यक वैद्यकात गेले. बाहेरून पाहणाऱ्याला ही ग्रंथपालाची किरकोळ कामगिरी वाटेल. माझ्या मते ती सामाजिक क्रांती होती. वर्गांक हा केवळ आकडा नसतो. वाचकाने कोणाला कोठे शोधावे, हे तो आधीच ठरवून टाकतो. ज्या समाजाने जातीच्या नावाने ठरवून दिलेली जागा भोगली आहे, त्याला हे अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पोर्टर यांनी १९७३ पर्यंत, म्हणजे ४३ वर्षे, हे काम केले. १९४६ मध्ये आर्थर स्पिंगार्न यांचा संग्रह त्यात आला आणि १९७३ मध्ये मूरलँड-स्पिंगार्न संशोधन केंद्र आकाराला आले. आफ्रिकी वंशजांच्या इतिहासाचा अभ्यासक आज कोणत्याही देशातला असो, हॉवर्डच्या दारात त्याला जावेच लागते.

भिंतीवर काय लावावे

जतनानंतर प्रदर्शनाचा प्रश्न येतो. पेटीतील कागद संशोधक पाहतो, पण भिंतीवरचा कागद लोक पाहतात. म्हणून मांडणीत जबाबदारी मोठी असते. येथे दोन परस्परविरोधी उदाहरणे समोर ठेवावीशी वाटतात.

पहिले १९०० मधील पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाचे. तेथे अमेरिकी कृष्णवर्णीयांविषयी एक स्वतंत्र दालन होते. डू बॉइस त्या वेळी अटलांटा विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने सुमारे साठ आलेख आणि नकाशे हाताने रंगवून घेतले. गुलामगिरीतून सुटल्यानंतरच्या अवघ्या ३५ वर्षांत या समाजाने जमीन किती मिळविली, किती मुले शाळेत जाऊ लागली, कोणते व्यवसाय साधले, हे त्यांत रेषांनी आणि रंगांनी दाखविले होते. सोबत शेकडो छायाचित्रे, कृष्णवर्णीय लेखकांचे ग्रंथ आणि जॉर्जिया राज्याने त्यांच्याविरुद्ध केलेल्या कायद्यांच्या हस्तलिखित नकला होत्या. प्रगती आणि तिच्या मार्गातील अडथळे दोन्ही एकाच दालनात मांडलेले होते. हाताशी पैसा नसल्याने स्वतः डू बॉइस जहाजाच्या सर्वांत स्वस्त वर्गातून पॅरिसला गेले. त्या प्रदर्शनात समाजाने स्वतःचा पुरावा स्वतः मांडला होता.

दुसरे उदाहरण त्याच्या नेमके उलट आहे. १८५० मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञ लुई अगासी यांनी दक्षिण कॅरोलायनातील काही गुलामांची छायाचित्रे काढविली. आफ्रिकी लोक वेगळ्या आणि हीन उत्पत्तीचे आहेत, हे त्यांना सिद्ध करावयाचे होते. रेंटी नावाचा पुरुष आणि डेलिया ही त्याची मुलगी यांना वस्त्रे उतरवून कॅमेऱ्यापुढे उभे करण्यात आले. ती छायाचित्रे १९७६ मध्ये हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयाच्या माळ्यावर सापडली. पुढे त्यांचा वापर होत राहिला. रेंटी यांची वंशज असल्याचे सांगणाऱ्या एका स्त्रीने २०१९ मध्ये विद्यापीठावर दावा लावला. आमच्या पूर्वजांच्या संमतीवाचून घेतलेल्या प्रतिमांवर तुमचा अधिकार कसा, असा तिचा सरळ प्रश्न होता. २०२५ मध्ये तडजोड झाली आणि त्या प्रतिमा दक्षिण कॅरोलायनातील आफ्रिकी-अमेरिकी संग्रहालयाकडे सोपविण्याचे ठरले.

हार्वर्डने त्या प्रतिमा उत्तम रीतीने जपल्या होत्या, यात शंका नाही. पण चांगले जतन म्हणजे चांगला न्याय नव्हे. वेदनेचे दर्शन घडविणे आवश्यक असते, अन्यथा अत्याचार नाकारले जातात. परंतु ज्याची वेदना आहे त्याचे नाव, ती प्रतिमा कोणी आणि कशासाठी घेतली याची नोंद आणि त्याच्या वंशजांची संमती यांवाचून ते दर्शन पुन्हा एक अपमान ठरते.

आक्षेप आणि अटी

येथे एक आक्षेप संभवतो. ज्या विद्यापीठांनी आम्हाला दारात उभे केले नाही, त्यांच्याकडे आमचे कागद का द्यावेत? भावना रास्त आहे, पण अनुभव वेगळे सांगतो. घरातील पेटीला वाळवी लागते. भावाभावांत वाटण्या होतात, घर बदलते, आणि पुढच्या पिढीला कागदाचे मोल कळण्यापूर्वी तो रद्दीत जातो. विद्यापीठाकडे इमारत, तज्ज्ञ आणि सातत्य असते. शॉम्बर्ग किंवा मूरलँड यांचे संग्रह संस्थेत गेले नसते तर ते आज शिल्लक राहिले असते, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

दुसरा आक्षेप असा की आता सर्व काही संगणकावर आले आहे, तेव्हा ताबा कोणाचा हा वाद गौण आहे. हेही मला मान्य नाही. संगणकावर कागद सापडतो तो सूचीतील शब्दांमुळे आणि ते शब्द कोणी तरी निवडलेले असतात. शिवाय राज्यकर्त्यांची दृष्टी बदलली की दालनांवरील दडपण वाढते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी काढलेल्या आदेशात स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयांवर टीका होती आणि आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा त्यात नाव घेऊन उल्लेख होता. मिळविलेली जागा कायमची आपली झाली, असे कोणत्याही समाजाने समजू नये.

यावर मध्यम मार्ग आहे. १९६६ मध्ये फिस्क विद्यापीठात सुरू झालेले अ‍ॅमिस्टॅड संशोधन केंद्र १९८७ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठाच्या आवारात गेले, पण स्वतंत्र संस्था म्हणून. छप्पर विद्यापीठाचे, कारभार स्वतःचा. प्रत्येक समाजाला एवढे साधेलच असे नाही. परंतु कागद देताना लेखी करार करणे कोणालाही शक्य आहे. सूची करताना समाजातील जाणकाराचे मत घेतले जावे. पदवी नसलेल्या सामान्य माणसालाही तो संग्रह पाहता यावा. प्रत्येक कागदाची एक प्रत मूळ कुटुंबाकडे परत यावी. प्रदर्शन भरविण्यापूर्वी संमती घेतली जावी आणि ते विद्यापीठाबाहेर, वस्तीतही भरविले जावे. कागद देताना एवढ्या अटी घालणे म्हणजे अविश्वास नव्हे, ते स्वाभिमानाचे लक्षण आहे.

आपल्यासाठी याचा अर्थ

हा इतिहास परक्यांचा म्हणून वाचून बाजूला ठेवण्याजोगा नाही. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते अनेक वर्षे पेट्यांत पडून होती. वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९७९ मध्ये निघाला, तेव्हा कोठे ते विचारधन क्रमाक्रमाने लोकांपर्यंत येऊ लागले. आपल्या महापुरुषाच्या कागदांची ही कथा असेल, तर सामान्य कार्यकर्त्याच्या घरातील दीक्षेची छायाचित्रे, जलशाच्या वह्या, जुनी हस्तपत्रके आणि वसतिगृहांच्या हजेऱ्या यांचे काय होत असेल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

या स्मरणिकेचे वाचक असलेल्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना म्हणूनच काही सांगावेसे वाटते. आपल्या मुलांनी वैद्यक आणि अभियांत्रिकी शिकावी, प्रशासनात जावे, हे योग्यच आहे. पण डॉरोथी पोर्टर यांच्यासारखी एखादी ग्रंथपाल, एखादा अभिलेखपाल आपल्या घरात घडावा, ही इच्छाही आपण धरली पाहिजे. सूचीच्या टेबलावर बसलेला आपला माणूस व्यासपीठावरील वक्त्याइतकाच मोलाचा आहे. आणि त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. घरातील वडीलधारी माणसे आहेत तोवर जुनी छायाचित्रे त्यांच्यापुढे ठेवावीत. त्यांतील प्रत्येकाचे नाव, गाव आणि साल विचारून ते मऊ पेन्सिलीने मागे लिहावे. उद्या ते छायाचित्र कोणत्याही विद्यापीठात गेले, तरी त्यातील आजीला ‘अज्ञात स्त्री’ म्हणून नोंदविण्याची मुभा कोणाला उरणार नाही.